बाहाच्या सहलीला मिळालेला एक तारा: आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या आखणीप्रमाणे तुम्ही सहाजण फेब्रुवारीत सॅन डिएगोहून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात गाडीने गेलात. देवमाशांची बोट हुकली, रोज साडेचारलाच मुक्काम करावा लागला, सीमेवर परमिटपायी तास मोडला आणि सासूबाईंनी तीन दिवस नुसत्या चीज घातलेल्या तॉर्तियावर, म्हणजे तिथल्या पोळीवर, काढले, असं तुम्ही लिहिलंय.

बोट आमच्या चुकीमुळे हुकली. बाहा द्वीपकल्पात दोन राज्यं आहेत आणि २८व्या अक्षांशावर, ग्वेरेरो नेग्रो गावाच्या वेशीपाशी, त्यांची हद्द लागते. हिवाळ्यात तिथून दक्षिणेचं घड्याळ एक तास पुढे असतं. उन्हाळ्यात मात्र दोन्हीकडे एकच वेळ असते, कारण २०२२मध्ये मेक्सिकोने बहुतेक ठिकाणी घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलं, पण अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर बाहात ते चालू राहिलं. तुमचं वेळापत्रक आम्ही जूनमधल्या एका सहलीवरून उचललं होतं. बोट ठरवली ती ग्वेरेरो नेग्रोची, तिथल्या म्हणजे दक्षिणेच्या घड्याळाने अकराची. तुम्ही उत्तरेकडच्या कातावीन्याहून सांगितल्याप्रमाणे साडेसातला निघालात, साडेदहाला पोचलात, आणि धक्क्यावर साडेअकरा वाजले होते. तुमचं काहीच चुकलं नाही. मुलं रडली हे वाचून फार वाईट वाटलं. तिथल्या खाडीत राखाडी देवमाशाची मादी पिल्लाला घेऊन बोटीपाशी येते, तिचा उच्छ्वास तोंडावर उडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. तुमच्या मुलांचं काय हुकलं ते मला कळतं.

साडेचारच्या मुक्कामाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. दिवसाचे दोन-तीन तास फुकट गेले असं तुम्हाला वाटलं, पण फेब्रुवारीत तिथे उत्तरेच्या घड्याळाने साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. १९७३मध्ये पुरा झालेला तो हायवे कितीतरी ठिकाणी दोनच पदरी आहे, कडेला गाडी उतरवायला जागा नाही, डांबर संपलं की थेट खड्डा. बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही, त्यामुळे गुरं सरळ रस्त्यावर येतात. काही वर्षांपूर्वी विस्काइनोच्या वाळवंटात मी चालवत होते, नवरा शेजारी. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असतील. समोरून ट्रक आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले, तो गेला आणि पुढे रस्त्याच्या मधोमध काळी गाय, आमच्याकडे पाठ करून उभी. तोंड पलीकडे, त्यामुळे डोळेही चमकले नाहीत. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि तिच्या शेपटीत हातभर अंतर होतं. मागच्या सीटवर माझी आई होती. त्या दिवसापासून अंधार पडल्यावर आमची एकही गाडी रस्त्यावर नसते. यावर तारे कमी झाले तरी चालतील.

उत्तरेतल्या एल रोसारियो गावात अर्धी टाकी असताना पुन्हा पेट्रोल भरायला लावलं, तेही सुरक्षिततेसाठीच. पुढे ३०० किलोमीटरहून जास्त खात्रीचा पंप नाही. कातावीन्यात लोक पिंपातून विकतात, पण लहान मुलं बरोबर असताना त्या भरवशावर कशाला निघायचं?

परमिटचं म्हणाल, तर तिहुआनात हिरवा दिवा लागला की गाड्या सरळ आत जातात, कोणी अडवत नाही, म्हणून बाकीचे न थांबता गेलेले तुम्हाला दिसले. पण पर्यटक परमिट घ्यायला आपणच गाडी बाजूला घेऊन खिडकीवर जायचं असतं, आणि पुढे कोणी कागद मागितले तर ते नसणं महागात पडतं. त्यात आपण भारतीय पासपोर्टवाले. ग्रीन कार्ड किंवा मुदतीतला अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नुसत्या मंजुरीच्या कागदावर भागत नाही. निघण्याआधी तुमच्या सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो मागितले ते त्यासाठीच.

सासूबाईंच्या जेवणात आम्ही कमी पडलो. ‘शाकाहारी’ एवढंच लिहून दिलं, पण तिथे राजमा आणि मैद्याच्या तॉर्तिया दोन्हींत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. त्यांनी विचारून राजमा बाजूला सारला, बरं केलं. आता प्रत्येक कुटुंबाला स्पॅनिशमध्ये चिठ्ठी देतो: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, मान्तेका नको. मक्याची तॉर्तिया मागा, असंही खाली लिहिलंय. शिवाय दशम्या, चिवडा, मेतकूट बरोबर घ्यायला सांगतो.

बोटीचे पूर्ण पैसे आणि ग्वेरेरो नेग्रोच्या मुक्कामाचा खर्च या आठवड्यात तुमच्या खात्यावर जमा होईल. पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये कधीही या, सहाहीजणांची बोट आमच्यातर्फे. वेळापत्रकात आता प्रत्येक वेळेपुढे ‘उत्तरेची’ की ‘दक्षिणेची’ ते लाल अक्षरात असतं, आणि आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करते. कातावीन्यात फोनला रेंज नसते, म्हणून हॉटेलवर चिठ्ठीही ठेवते.