खुलासा : झाडे लावली की ओढे वाहतात, हे सरसकट खरे नाही

‘डोंगरमाथ्यावरचे गवत म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडे लावा, आटलेले ओढे पुन्हा वाहतील,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो जसाच्या तसा पुढे पाठवू नका.

झाडालाही पाणी लागते. पानांवर अडकलेला पाऊस बराचसा तिथूनच वाफ होऊन जातो, आणि खोल मुळे कोरड्या दिवसांतही ओलावा खेचत राहतात. गवत त्या दिवसांत वाळते, त्याचा पाण्याचा खर्च जवळपास थांबतो. मातीत मुरलेले पाणी ओढ्याकडे पाझरत राहते. दक्षिण आफ्रिकेत कॅथेड्रल पीक इथल्या गवताळ पाणलोटांत पाइन लावल्यावर ओढ्यांचे पाणी घटले. १९८२ मध्ये ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा निघाला. पाइन-निलगिरीचे आच्छादन १० टक्के वाढले की वार्षिक प्रवाह (पावसासारखाच, पाणलोटभर पसरलेल्या पाण्याच्या उंचीत मोजलेला) सुमारे ४० मिलिमीटरने घटतो, असे त्यात दिसले. त्या देशाच्या १९९८ च्या जल कायद्यात व्यावसायिक वनलागवड प्रवाह घटवणाऱ्या कामांतच मोडते.

म्हणून जंगल तोडा, असा अर्थ कृपा करून काढू नका! जुन्या जंगलाची भुसभुशीत माती पाऊस मुरवते, धूप रोखते. तुडवून घट्ट झालेल्या उजाड उतारावर झाडांनी पाणी मुरणे वाढूही शकते. जिवंत गवताळ माथ्यावर मात्र खड्डे खणू नयेत.