चष्म्याने नंबर वाढत नाही आणि व्यायामाने उतरतही नाही

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच असतो. मुलांना चष्मा लावू नका, डोळ्यांना त्याची सवय लागते आणि नंबर वाढत जातो. रोज बुबुळं गोल फिरवा, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवा, बदाम-बडीशेप-खडीसाखरेची पूड दुधातून द्या, काही महिन्यांत चष्मा सुटेल. मोबाइल बंद करा. एवढं करून नाहीच सुटला, तर अठराव्या वर्षी लेझर आहेच.

मी मुलांचे डोळे तपासण्याचं काम करते. या मजकुरावर विश्वास ठेवून चष्मा कपाटात ठेवलेली मुलं आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकदा मधलं वर्ष हातचं गेलेलं असतं. म्हणून यातला एकेक दावा नीट पाहायला हवा.

पहिला दावा चष्म्याने नंबर वाढतो, हा. मायनस नंबर असलेल्या बहुतेक मुलांचा डोळा पुढून मागे प्रमाणापेक्षा जास्त लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची भर पडली तरी नंबर अडीच ते तीनने वाढतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि फळा धूसर दिसतो. चष्म्याची काच ती प्रतिमा मागे नेऊन पडद्यावर टेकवते, डोळ्याला ओढून लांब करत नाही. चष्मा लागतो तो बहुधा शाळेच्या वयात, आणि डोळा लांबण्याचा वेगही त्याच वयात जास्त असतो. दरवर्षी गणवेश आखूड होतो, म्हणून उंची गणवेशामुळे वाढली असं आपण म्हणत नाही. चष्मा काढल्यावर आधीपेक्षा जास्त धूसर दिसतं, अशीही तक्रार येते. स्पष्ट कसं दिसतं हे मुलाला आता कळलेलं असतं, म्हणून तसं वाटतं.

याच समजुतीतून पालक म्हणतात, “मॅडम, नंबर थोडा कमीच काढून द्या.” मलेशियात हे करून पाहिलं गेलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे दिले होते. त्यांचा नंबर पूर्ण नंबरचा चष्मा लावणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष इतके ठाम नाहीत, पण कमी नंबर दिल्याने फायदा होतो असं भक्कमपणे कुणालाच दाखवता आलेलं नाही. नुकसान मात्र समोर दिसतं, मुलाला फळा वाचता येत नाही.

आता व्यायाम. यावर लोकांचा जीव आहे, म्हणून जरा थांबून बोलते. बुबुळं फिरवणारे स्नायू बाहेरून डोळ्याला जोडलेले असतात. ते कितीही फिरवले तरी लांबलेला डोळा आखूड होत नाही. चीनमध्ये १९६० च्या दशकापासून शाळाशाळांतून डोळ्यांचे व्यायाम करून घेतात, तेही रोज. तिथल्या २०१८ च्या सरकारी पाहणीत उच्च माध्यमिक शाळेतली ८१ टक्के मुलं लघुदृष्टीची, म्हणजे मायनस नंबरची निघाली.

मग “आमच्या भाच्याचा चष्मा सुटला” हे खोटं असतं का? नाही. लहान मुलांचा प्लस नंबर वाढत्या वयात आपोआप उतरू शकतो. काही मुलांत जवळचं सतत पाहून डोळ्यातला भिंगाचा स्नायू आखडतो आणि खोटा मायनस नंबर दिसतो. तो आराम मिळाला की जातो. म्हणूनच मुलांची तपासणी थेंब घालून, तो स्नायू सैल करून करायची असते. घाईत नुसत्या मशिनवर काढलेला नंबर फसवा असू शकतो, आणि अशा फसव्या नंबरच्या गोष्टीच पुढे चमत्कार म्हणून फॉरवर्ड होतात.

बदाम, गाजर जरूर द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, पण मायनस नंबरचं कारण ते नाही.

मोबाइलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. तासन्‌तास जवळचं पाहणं आणि नंबर यांचा संबंध आहे, मग हातात मोबाइल असो की पुस्तक. पण मोबाइल काढून घेऊन मूल घरातच बसवलं, तर महत्त्वाची गोष्ट राहून जाते. ती म्हणजे दिवसाचा उजेड. घरात दिव्याखाली काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) प्रकाश असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक पटींनी जास्त. भरपूर उजेडात डोळ्याच्या आतल्या पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्याने डोळ्याची लांबी वाढण्याला आवर बसतो, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने तर शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर राहावं असं धोरणच केलं. आपल्याकडे पाचवीच्या मुलाचं मैदान बंद करून शिष्यवृत्तीचा क्लास लावला जातो, हे मला फार खटकतं. उजेडाचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी होतो. आई-बाबा दोघांनाही मायनस नंबर असेल, तर मुलाला बालवाडीपासूनच खेळायला सोडा.

नंबर लागल्यानंतरही हात बांधलेले नसतात. रात्री झोपताना घालायचे ०.०१ ते ०.०५ टक्क्यांचे ॲट्रोपिनचे थेंब वाढीचा वेग कमी करतात. ०.०५ चा परिणाम जास्त दिसतो, पण उजेड डोळ्यांना लागणं, जवळचं किंचित धूसर होणं हेही त्यात जास्त. खास बनावटीच्या काचाही निघाल्या आहेत. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा काचांनी नंबर वाढण्याचा वेग निम्म्यावर आणला. या काचा महाग आहेत, आणि थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घालायचे. पण हे उपाय डोळा वाढत असतानाच उपयोगी पडतात. व्यायाम करत काढलेलं वर्ष इथे महागात पडतं.

राहिला लेझरचा दिलासा. लेझरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो, चष्मा जातो. डोळा मात्र लांबचा लांबच राहतो आणि आतला पडदा ताणलेलाच राहतो. नंबर उणे सहाच्या पुढे गेलेल्यांना पडदा सुटणं, काचबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका जास्त असतो, लेझर झालं तरीही. त्यांनी दरवर्षी थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा पडल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं.