प्रवाळावर उभं कसं राहावं

नाताळच्या सुट्टीत मालवणला जाऊन स्कुबा करायचं तुमचं एव्हाना ठरलंच असेल. नसेल तर आजच ठरवा. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचे पाण्याखालचे फोटो येऊन पडलेत आणि तुमच्या नावावर अजून माथेरानचा घोडाच आहे, हे बरं दिसत नाही. पोहता येत नाही ही सबब सांगू नका. दादर चौपाटीवर गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेली आमच्या बिल्डिंगमधली अकरा माणसं गेल्या वर्षी समुद्राच्या तळाशी जाऊन आली. बारावा मी. तेव्हा सल्ला अनुभवाचा आहे आणि फुकट आहे. फुकटचं आपण सोडत नाही.

कोकणकन्या आणि तुतारीचं आरक्षण उघडतं आणि तुम्ही ओटीपी शोधेपर्यंत संपतं. म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर करा आणि मुंबई-गोवा महामार्गाने जा. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण बघत आपली मुलं शाळेतून कॉलेजात गेली. मालवण येईपर्यंत अंगाचा प्रत्येक सांधा सुटा झालेला असतो. पाण्यात तरंगायला याचा उपयोग होतो, असं आमचा ड्रायव्हर म्हणाला.

निघण्याआधी एक अभ्यास मात्र चुकूनही करू नका. प्रवाळ म्हणजे काय, हा. आमच्याकडे तो चौथ्या मजल्यावरच्या नानांनी सगळ्यांच्या वतीने करून ठेवला होता. "प्रवाळ म्हणजे पोवळं. मंगळाचं," असं म्हणून त्यांनी उजव्या अनामिकेतली सव्वापाच रत्तीची अंगठी ट्रॅव्हलरभर फिरवली. पनवेल येईपर्यंत बायकांनी खाली गेल्यावर किती तोडून आणायचं याचा हिशेब मांडला होता. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं आणि मालवणचं प्रवाळ त्याचं फार लांबचं भाऊबंद, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याला वडखळला उतरवलं असतं.

मालवणचं प्रवाळ तपकिरी, हिरवट, मळकट असतं. लांबून धोंडा वाटावा असं. पण तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक जीव हजारोंनी एकाला एक चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. अंगातच सूक्ष्म शेवाळाला भाडेकरू ठेवतात. हा भाडेकरू उन्हावर अन्न तयार करतो आणि त्यातलं बरंचसं मालकाला देतो. मुंबईतल्या कुठल्याही पागडीच्या मालकाला असं सुख मिळाल्याचं ऐकिवात नाही. मात्र पाणी नेहमीपेक्षा एखाद-दीड अंशाने तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की मालकाचं डोकं फिरतं आणि तो भाडेकरूंना बाहेर काढतो. रंग त्यांचा होता, तो त्यांच्याबरोबर जातो. मालक पांढराफटक पडतो आणि पाणी वेळेत निवलं नाही तर उपाशी मरतो. तेव्हा पाण्याखाली पांढरंशुभ्र प्रवाळ दिसलं तर हरखून जा. फोटोत तेच उठून दिसतं.

आता कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याला इजा केली तर तीन ते सात वर्षं आत. घाबरू नका. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायची सोय अजून कुठल्या अभयारण्यात झालेली नाही; प्रवाळाची आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा ३.१८२ चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा, सगळ्यात जपायचा. आणि होड्यांची सगळ्यात जास्त गर्दी किल्ल्याच्याच आसपास. हे अभयारण्य नको म्हणून तिथले मच्छीमार पहिल्यापासून भांडत आलेत. त्यांचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे जाळी टाकतो, आम्हीच कसे परके झालो? बरोबरच आहे. परके आपण. पण आपण तिकीट काढून येतो.

किनाऱ्यावर पोहोचलात की घासाघीस करा. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना करता तशीच. पाण्याखाली तुमचा जीव ज्याच्या हातात राहणार त्या पोराला "बाजूचा तीनशे कमी सांगतोय" असं ऐकवा. भाव पडेल. मग तोही दिवसभरात चार होड्या जास्त भरेल, सामान धुवायला त्याला वेळ मिळणार नाही आणि तुम्हाला वीस मिनिटांच्या जागी बारा मिळतील. आपले तीनशे वाचले, हे महत्त्वाचं.

फॉर्म देतील. दमा आहे का, रक्तदाब, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन झालंय का. आमच्या होडीत बाराही जणांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि मग नानांनी खिशातली बीपीची गोळी काढून पाणी मागितलं. परतीचं विमान मात्र त्याच संध्याकाळचं काढा. एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि जास्त केल्या तर अठरा तास विमानात बसू नये म्हणतात, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. पण त्या नायट्रोजनला सोमवारी सकाळी मस्टर गाठायचं नसतं.

होडीत चढण्याआधी सनस्क्रीन लावा, गोरेपणा देणारं, जाड थराचं. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळाला अपाय होतो म्हणून. ते हवाईचे लोक. त्यांचं लग्न ठरायचं नसतं.

मग तो सूट. काळा, ओला, आधीच्या माणसाच्या अंगातून आत्ताच निघालेला, आतून कोमट. तोंडात धरायचं रबर एका बादलीत बुडवून तुमच्या हातात देतात. बादलीतल्या पाण्याकडे बघायचं नाही, हा माझा एकमेव मनापासूनचा सल्ला. नाक चिमटीत धरून फुंकायला शिकवतात, म्हणजे कान मोकळे होतात. श्वास कधीच रोखायचा नाही, चालू ठेवायचा, असं तीनतीनदा बजावतात. तेवढ्यात होडीवाला नांगर टाकतो. तो कशावर पडला हे विचारू नका. खालून आलेला खण्‌ असा आवाज ऐकून आमच्यातलं कुणीतरी "पोचलो वाटतं" म्हणालं.

आता मुख्य विषय. उभं राहणं.

स्कुबात हे जरा कठीण जातं, कारण तो पोरगा पाठीवरचा सिलिंडर धरून तुम्हाला मांजराच्या पिल्लासारखं फिरवत असतो. तिथे फक्त पाय झाडा. तळाची वाळू उठून प्रवाळावर बसते, त्याचा जीव गुदमरतो, आणि मागून येणाऱ्या होडीला काही दिसत नाही. तुम्हाला तरी कुठे दिसलं होतं? स्नॉर्केलिंगमध्ये मात्र खरी संधी आहे. छाती-कंबरेइतकं पाणी, पालथं पडून खाली बघायचं, तोंडात नळी. नळीत खारं पाणी गेलं की मुंबईचा माणूस एकच गोष्ट करतो, मिळेल त्यावर पाय टेकतो.

मीही टेकला. आधी टाचेखाली बुळबुळीत लागलं, शेवाळलेल्या पायरीसारखं. मग आत कुठेतरी पापड मोडावा तसा बारीक कुर्र आवाज. पाण्यात तो कानाने नाही, पायाने ऐकू येतो. होडीतून चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा ओरडला, "ओ काका, थंय उभे रवा नको! ता जिता आसा!"

मी "हो हो, सॉरी" म्हणालो आणि पाय उचलून शेजारच्यावर ठेवला.

तो बुळबुळीत थर म्हणजे त्याचं अंग. ते फाटलं की तिथे रोग शिरतो, शेवाळ चढतं. अशा गोलसर प्रवाळाचा घर बांधायचा वेग वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. म्हणजे माझ्या पायाखालचा तो माठाएवढा गोळा माझ्या लग्नाच्या वेळी जेमतेम नारळाएवढा असेल. इतकी वर्षं तिथेच बसून, एकही सुट्टी न घेता. दिवाळी अंकातल्या भविष्यात त्याला 'वजनदार व्यक्तीपासून सावध' असं लिहून आलं असतं तरी तो हलणार कुठे होता?

माशांचं सोपं. खिशातून ब्रेड न्या. काळ्या पट्ट्यांचे मासे वऱ्हाड्यांसारखे पंगतीला धावतात, कॅमेऱ्यासमोर गर्दी करतात, व्हिडिओ जिवंत होतो. एरवी यातले कितीतरी मासे खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी करून देतात. पण फुकटचा पाव मिळत असताना झाडूकाम कोण करेल? माशांनाही आपण मुंबईची सवय लावतोय, एवढंच.

आणि अंगठा. पाण्याखाली सगळं छान आहे हे तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करून सांगतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. हे होडीवर शिकवलं तेव्हा नाना बायकोला फोटोचा अँगल समजावत होते. खाली गेल्यावर त्यांनी कॅमेऱ्यासमोर झकास अंगठा वर केला. पोरगा त्यांना सावकाश वर घेऊन आला. नानांनी समजूत घालून पुन्हा खाली जायला लावलं, तळ गाठला आणि मजा आली म्हणून पुन्हा अंगठा वर केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पोरगा म्हणाला, "नाना, तुमचो टायम संपलो."

मालवणचं एवढं करून झालं की पुढच्या वर्षासाठी आंग्रिया बँक मनात ठेवा. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं पठार. प्रवाळ तिथेही आहे. पण माथ्यावरसुद्धा वीसेक मीटर पाणी, म्हणजे नवशिक्याला उभं राहायला काही नाही. हा त्या जागेतला मोठाच दोष आहे आणि त्यामुळेच ती अजून टिकून आहे. टेम्पो ट्रॅव्हलर जाईल तेव्हा बघू.

एक गोष्ट ग्रुपवर बोलू नका. प्रवाळ मुंबईतही आहे. हाजी अलीला, वरळीला, कुलाब्याला. कोस्टल रोडच्या आड येत होतं म्हणून वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० साली उचलून कुलाब्याला नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर बसवल्या. मुंबईत प्रकल्पबाधितांचं पुनर्वसन दक्षिण मुंबईत झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळा बघून लोकांना किनाऱ्यावर फिरवतात, खाली वाकून दाखवतात. मी एकदा हाजी अलीला गेलो होतो. गुडघाभर चिखल, वास, पायाखाली बघत बघत चालायचं, आणि हात लावायचा नाही म्हणून पहिल्यांदाच तंबी. दोन खडकांच्या मधल्या डबक्यात हाताच्या पंजाएवढं तपकिरी काहीतरी होतं, वर दुधाच्या पिशवीचा कोपरा अडकलेला. मी तो काढला. कुणी फोटो काढला नाही. खर्च बसच्या तिकिटाचा आणि नंतरच्या सीताफळ ज्यूसचा, त्यातही ज्यूसच महाग. अशा गोष्टीला कोण जाणार?

राहता राहिला व्हिडिओ. तो बारा जणांचा सारखाच येतो. गाणंही तेच असतं. घरी आल्यावर टीव्हीला लावा, नातेवाईक बोलवा. नानांनी बोलावले. तिन्ही अंगठे बघून झाले आणि त्यांच्या जावयाने पडद्यावर बोट ठेवलं. "बाबा, तुमचं पोवळं काळं कसं?"

खरंच काळपट दिसत होतं, करड्याकडे झुकलेलं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. चार-सहा मीटर खाली गेलं की कुंकूही तपकिरी दिसायला लागतं. मी हे सांगून पाहिलं. नानांनी माझ्याकडे सराफाचा माणूस असल्यासारखं बघितलं. खोटा खडा पाण्यात रंग सोडतो, हे त्यांना त्यांच्या ज्योतिषाने सांगून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी ते मला घेऊन गिरगावात सराफाकडे गेले. सराफाने अंगठी काढून घेतली, दिव्याखाली धरली, भिंगातून पाहिली, कापडाने पुसली. टकटकीत लाल. "अस्सल आहे नाना. पाण्याखाली गेला होतात कशाला पण?"

"प्रवाळ बघायला."

"मग? कसं असतं?"

नानांनी मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि पुढे-मागे करून शोधायला लागले. पहिला अंगठा. दुसरा अंगठा. ब्रेड. माझी टाच. सराफाने आणखी दोन गिऱ्हाइकं उरकली. नाना अजून शोधतच होते.