नासाला संस्कृत लागत नाही, आणि पाणिनीला नासा लागत नाही

माझी भाची दहावीत आहे. तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि तिचा विषय आहे ‘संगणकाची भाषा : संस्कृत’. भाषण तपासून दे म्हणून तिने मला पाठवलं, आणि दुसऱ्या परिच्छेदातच माझं डोकं फिरलं. गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरणारा तो फॉरवर्ड तिने जसाच्या तसा उतरवला होता. बरं, तिने तो कुठून शोधूनही काढला नव्हता. वर्गाच्या ग्रुपवर बाईंनीच टाकला होता, ‘मुद्दे म्हणून वापरा’ असं लिहून.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने मान्य केलंय. फोर्ब्स मासिकाने जुलै १९८७ मध्ये तसं छापलंय. अंतराळात संदेश पाठवला की वाक्यं उलटी होतात, पण संस्कृत वाक्य उलटं झालं तरी अर्थ बदलत नाही, म्हणून नासा संस्कृत वापरते. संस्कृतात १०२ अब्ज ७८ कोटी ५० लाख शब्द आहेत. संस्कृतात संदिग्धता नाही, म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक राहत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचे सुपरकॉम्प्युटर संस्कृतवरच चालणार आहेत. आणि शेवटी अर्थातच ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि शाळेत संपूर्ण संस्कृत घेतलं होतं. ही भाषा मला मनापासून आवडते. म्हणूनच हे उत्तर लिहितोय.

आधी त्या उलट्या वाक्यांचं बघू, कारण लोकांना सगळ्यात जास्त पटतं ते हेच. पृथ्वीवरून यानाकडे रेडिओ लहरींवरून वाक्यं जात नाहीत, बिट जातात, म्हणजे शून्य आणि एक. ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने ते पोचतात. वाटेत काही उलटंपालटं होत नाही. खरी अडचण असते ती संकेत फार क्षीण होण्याची. त्यात गोंगाट मिसळतो आणि एखाद्या शून्याचा एक होतो, एखाद्या एकाचा शून्य. त्यासाठी मूळ माहितीला गणिताने काढलेले जास्तीचे बिट जोडतात, म्हणजे पलीकडे बिघडलेले बिट ओळखून दुरुस्त करता येतात. नासाच्या व्हॉयेजर २ यानाने युरेनस आणि नेपच्यूनजवळून पाठवलेली चित्रं अशाच रीड-सोलोमन कोडच्या जोरावर नीट हाती आली. त्या चित्रांना कुठली भाषा? आणि यानाला दिलेली ‘कॅमेरा इतक्या अंशांनी फिरव’ ही आज्ञा म्हणजे ठरलेले आकडे. त्यात ना कर्ता, ना कर्म, ना विभक्ती.

बरं, नासाने माणसांच्या भाषा अंतराळात खरोखरच पाठवल्या आहेत. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली, तिच्यावर ५५ भाषांमधले शुभेच्छा संदेश आहेत. मराठी त्यात आहे, ‘नमस्कार’ने सुरू होणारा संदेश आहे. सुमेरियन, अक्कडियन, हित्ती, लॅटिन या जुन्या भाषाही आहेत. संस्कृत नाही. यात संस्कृतचा अपमान वगैरे काही नाही. ही तबकडी तयार करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या गटाला कॉर्नेल विद्यापीठाच्या आसपास जे बोलणारे भेटले त्यांचे आवाज बहुतांशी घेतले गेले, इतकंच. पण ‘अंतराळासाठी नासा संस्कृतवर अवलंबून आहे’ असं म्हणणाऱ्याने ती यादी एकदा वाचावी. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. अभिमानच हवा असेल तर तो घ्यावा, तो खरा आहे.

आता संस्कृतच्या बाजूने बघू. ‘रामः फलं खादति’ मधले शब्द कसेही फिरवले तरी आंबा रामाला खात नाही, हे बरोबर आहे. एवढं अर्धं सत्य मी मान्य करतो. पण ते काम विभक्तीचं आहे. लॅटिनमध्येही ते होतं, आणि ‘आंबा खाल्ला रामाने’ म्हटलं तर मराठीतही होतं. वाक्य खरोखर उलटं केलं, म्हणजे अक्षरं शेवटापासून वाचली, तर काय होतं हे दाखवायला संस्कृतात विलोमकाव्य नावाचा अख्खा प्रकार आहे. गोदाकाठच्या पार्थपूरचा सोळाव्या शतकातला सूर्यकवी हा गणिती आणि ज्योतिषी. त्याच्या रामकृष्णविलोमकाव्याचा पहिलाच श्लोक घ्या:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वन्दे यतो भव्यभवं दयाश्रीः ।

हे भूसुतेला, म्हणजे सीतेला, सोडवणाऱ्या रामाला वंदन. आता शेवटच्या ‘श्री’पासून एकेक अक्षर मागे वाचत या:

श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम् ॥

राम गेला, यादव म्हणजे कृष्ण आला. उलटं केल्यावर अर्थ बदलतो, आणि बदलतो म्हणूनच हे काव्य थोर आहे. अर्थ तोच राहिला असता तर कवीने एवढी मेहनत कशाला घेतली असती? गंमत वाटावी असं काहीच नाही, मला चीडच येते, की याच जातीच्या राघवयादवीय काव्याचं कौतुक करणारा फॉरवर्ड त्याच ग्रुपवर, त्याच माणसांकडून येतो. दोन्हींना अंगठा देणाऱ्यांनी दोन्ही वाचलेले नसतात.

संदिग्धता नाही म्हणे! ‘सैन्धवम् आनय’ हे शास्त्रग्रंथांतलं नेहमीचं उदाहरण आहे. जेवताना म्हटलं तर मीठ आण, बाहेर निघताना म्हटलं तर घोडा आण. प्राचीन व्याकरणकार पाणिनीच्या ग्रंथावर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्यात ‘श्वेतो धावति’ आहे: पांढरा धावतो, किंवा संधी सोडवला तर श्वा इतः धावति, कुत्रा इथून धावतो. आणि श्लेष हा तर कवींचा लाडका अलंकार, तो एकाच शब्दातून दोन अर्थ निघाल्याशिवाय होतच नाही. एका अर्थाचा एकच शब्द आणि एका शब्दाचा एकच अर्थ अशी भाषा असती तर तिच्यात कालिदास झाला नसता. महाभाष्यातच इंद्रशत्रूची गोष्ट आहे. वृत्रासुरासाठी केलेल्या यज्ञात ‘इंद्राला मारणारा’ असं म्हणायचं होतं, स्वर चुकला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’. वृत्र मेला. चूक संस्कृतातच झाली होती.

शिवाय प्रोग्रॅममधल्या चुका संदिग्धतेमुळे होतातच कुठे? जावा किंवा पायथनमध्ये लिहिलेल्या ओळीचा अर्थ संगणकाला एकच लागतो. आम्ही चुकतो ते चुकीची गोष्ट अगदी स्वच्छ शब्दांत सांगून. ‘वय १८ पेक्षा जास्त’ अशी अट लिहिली आणि नियम ‘१८ पूर्ण’ असा होता. मग वाढदिवसानंतर लगेच अर्ज भरायला आलेल्या मुलाला फॉर्म परत फिरवतो. ही अट संस्कृतात लिहिली असती तरी तो मुलगा परतच गेला असता.

आता ज्यावरून हे सगळं उभं राहिलं तो लेख. तो खरा आहे, आणि फॉरवर्डात नसलेली गोष्ट म्हणजे त्याचं नाव-गाव. रिक ब्रिग्ज, ‘एआय मॅगझिन’, १९८५ चा वसंत अंक. मथळ्याचा अर्थ ‘संस्कृतातील ज्ञानाची मांडणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’. ब्रिग्ज नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्झ केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होता, आणि लेखाखाली तो पत्ता आहे. नासाचा संबंध एवढाच. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाने लेख लिहिला म्हणजे विद्यापीठाने ठराव केला असं होत नाही.

लेख आठ पानांचा आहे, फुकट वाचायला मिळतो, आणि चांगला आहे. त्याचं म्हणणं असं: वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून आम्ही चौकटी आणि बाणांची जाळी काढतोय, आणि संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडायची जी पद्धत घडवली ती याच आकाराची आहे. उदाहरण आहे मैत्राचं. मैत्र स्नेहापोटी देवदत्तासाठी भांड्यात विस्तवावर भात शिजवतो. वैयाकरण मधोमध शिजवण्याची क्रिया ठेवतात आणि बाकी सगळं तिच्याभोवती लावतात: कर्ता मैत्र, कर्म भात, करण विस्तव, संप्रदान देवदत्त, अधिकरण भांडं. हे विश्लेषण ब्रिग्जने घेतलं ते नागेशभट्टाच्या मंजूषा ग्रंथावरून. नागेश म्हणजे काशीत राहिलेला, काळे आडनावाचा मराठी पंडित. फॉरवर्डात नासा आहे, नागेश नाही. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

आणि संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असं ब्रिग्ज कुठेही म्हणत नाही. तो बोलतोय शास्त्रकारांच्या त्या घडवलेल्या विवरणशैलीबद्दल. रोजच्या संस्कृतबद्दलही नाही. दुसरं म्हणजे तो काळ हाताने नियम लिहून यंत्राला ज्ञान देण्याचा होता. आज तुमच्या फोनवर जे मराठीत उत्तर देतं ते अफाट मजकुरातून आकडेमोडीने शिकलेलं आहे. ब्रिग्ज ज्या वाटेबद्दल लिहीत होता ती मुख्य वाट राहिलीच नाही.

उरलेले मुद्दे भराभर. फोर्ब्सचा हवाला देणाऱ्यांकडे ना लेखाचं नाव असतं, ना लेखकाचं, ना पानाचा नंबर. तसा हवाला मी धरत नाही. शब्द १०२ अब्ज? धातू, उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांतून शब्द हवे तितके घडवता येतात, त्यामुळे हा आकडा मोजून आलेला असूच शकत नाही. आणि प्रोग्रॅमिंगला भरपूर शब्द हे वरदान नसतंच: पायथनचे राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत आणि त्यावर जगाचं काम चालतं. पिढ्यांचं म्हणाल तर ‘पाचव्या पिढीचा संगणक’ हा जपान सरकारचा प्रकल्प होता, १९८२ मध्ये सुरू झाला, दहाएक वर्षांनी गुंडाळला. त्यातही भाषा होत्या प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घराण्यातल्या.

पाणिनीबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. जवळजवळ चार हजार सूत्रांत त्याने अख्खी भाषा बांधली. ‘इको यणचि’ हे सूत्र घ्या. षष्ठी म्हणजे ‘याच्या जागी’, सप्तमी म्हणजे ‘हे पुढे असताना’. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ; यण् म्हणजे य्, व्, र्, ल्; अच् म्हणजे कुठलाही स्वर. इक् च्या जागी यण् येतो, अच् पुढे असताना. इति अधिक आदि, इत्यादि. पाच अक्षरांत काय बदलायचं, कशाने बदलायचं आणि कुठल्या परिस्थितीत, हे सगळं आलं. इक्, यण्, अच् ही नावंसुद्धा चौदा माहेश्वर सूत्रांतून, म्हणजे वर्णांच्या ठरलेल्या यादीतून, काढलेली, म्हणजे आधी घोषित करून मग वापरलेली. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहायची जी पद्धत जॉन बॅकसने १९५९ मध्ये मांडली, तिला पाणिनीचं नाव द्यावं असं सुचवणारं इंगरमनचं पत्र १९६७ मध्ये संगणकशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलंय. त्याचा अर्थ बॅकसने चोरी केली असा नाही. अर्थ असा, की पाणिनी तिथे फार आधी पोचला होता. पण ही थोरवी व्याकरणकाराची आहे. त्याने भाषेचं वर्णन करायचं यंत्र बनवलं. तेच यंत्र पुरेशा कष्टाने दुसऱ्या भाषेसाठीही बनवता येईल.

नुकसान कुठे होतं, तर इथे. भाचीशी बोलताना कळलं की ‘पुढे संगणकाला संस्कृत कळणारच आहे, मग कोडिंग कशाला शिकायचं’ असं तिच्या मैत्रिणी बोलतात. एका क्लासवाल्याने ‘संस्कृत कोडिंग’ची पत्रकंही वाटली आहेत, फी दणदणीत. आईवडील भरतात, कारण नासाचं नाव आहे. याच मुलींना कुणी सांगत नाही की संस्कृत आणि संगणक यांचं खरं काम चालू आहे आणि त्याला दोन्ही विद्या लागतात. जेरार्ड ह्युए हा फ्रान्समधला नामांकित संगणकशास्त्रज्ञ. त्याने संस्कृत वाक्यातले संधी सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला, तो ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेत. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णींनी पाणिनीच्या चौकटीत वाक्याचं विश्लेषण करणारी साधनं उभी केली. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि पुढची कित्येक दशकं काम ‘अ’मध्येच होतं. तिथे जाऊन कामाला लागायचं तर रूपसिद्धीही, म्हणजे सूत्रं लावून शब्दाचं रूप घडवणंही, यायला हवी आणि प्रोग्रॅमही लिहिता यायला हवा. भाचीला मी दोन्ही शिकायला सांगितलंय, आणि बाईंना ब्रिग्जचा लेख पाठवलाय, नागेशभट्टाच्या नावाखाली रेघ ओढून.