स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत
महागडा फोन, लॅपटॉप विकताना अनोळखी माणसाला गर्दीच्या ठिकाणीच भेटा असं वापरलेल्या वस्तू विकण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय ते अगदी बरोबर, पण खरा घोळ होतो तो पैसे घेताना. मी कॅमेरा विकत होतो तेव्हा समोरच्याने पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, मला बँकेसारखा दिसणारा मेसेजपण आला आणि तो लगेच घाई करायला लागला की मला उशीर होतोय द्या लवकर, मी तिथेच बँकेचं अ‍ॅप उघडून बघितलं तर काहीच जमा नाही! कॅमेरा हातात धरून ठेवला होता म्हणून वाचलो. कृपया खात्यात पैसे दिसेपर्यंत वस्तू सोडू नका, आणि पैसे घ्यायला ओटीपी किंवा पिन कधीच द्यावा लागत नाही हे घरच्यांनाही सांगून ठेवा. चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा म्हणणारे तर हमखास फसवे. फोन असेल तर आधी बॅकअप, मग अकाउंटमधून साइन आउट, मगच रीसेट, सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर (म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. आणि घरी एकट्याने असताना कोणाला बोलवू नका हो, सोबत कोणीतरी असू द्या.