‘सर्व्हरलेसवर फाइल टिकत नाहीत’ या संदेशाला उत्तर

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथे सॉफ्टवेअरच्या कामात असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या अ‍ॅप्लिकेशनला फाइल साठवाव्या लागतात ते सर्व्हरलेस कंटेनरवर, म्हणजे स्वतः सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर चालवलेल्या प्रोग्रामच्या बंदिस्त पुडक्यात, चालवूच नये. कारण कंटेनर बंद झाला की फाइल जातात, दोन कंटेनरांनी एकच फोल्डर वापरले की फाइल बिघडतात, नेटवर्कवरचे फोल्डर कामाचे नाही इतके मंद असते, आणि या सगळ्या उठाठेवीपेक्षा एक व्हर्च्युअल मशीन (सतत चालू राहणारा क्लाउडवरचा संगणक) भाड्याने घेणे केव्हाही स्वस्त पडते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने हा संदेश वाचून निम्मे झालेले काम थांबवले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. मी अ‍ॅमेझॉनची फारगेट ही कंटेनर चालवणारी सेवा आणि ईएफएस ही सामायिक फाइल साठवणूक अशी जोडी वापरतो, त्यामुळे तपशील त्याच जोडीचे देतो.

फाइल जातात, हा पहिला मुद्दा एके काळी खरा होता. फारगेट २०१७ च्या अखेरीस आली तेव्हा कंटेनरला मिळणारी जागा तात्पुरतीच असे. आजही प्रत्येक टास्कला (फारगेटवर चालणाऱ्या कंटेनरच्या एका प्रतीला) मुळात २० जीबी आणि मागितल्यास २०० जीबीपर्यंत जी जागा मिळते, ती टास्क थांबताच पुसली जाते. परंतु एप्रिल २०२० मध्ये फारगेटच्या १.४.० या आवृत्तीपासून टास्कला ईएफएसचे फोल्डर जोडता येऊ लागले. हे फोल्डर टास्कच्या आत नसते. ते स्वतंत्र सेवेत असते, त्याच्या प्रादेशिक प्रकारात प्रत्येक फाइल एकाहून अधिक अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमध्ये (एकाच प्रदेशातील वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) ठेवली जाते, आणि जुना टास्क जाऊन नवा आला तरी त्याला तेच फोल्डर त्याच मार्गावर दिसते. संदेश लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा ईबीएस या अ‍ॅमेझॉनच्याच डिस्क-सेवेमुळे झाला असावा. जानेवारी २०२४ पासून फारगेटच्या टास्कला ईबीएसची डिस्कही जोडता येते, पण ती एकाच टास्कची असते आणि सर्व्हिसने (टास्कची संख्या आपोआप राखणाऱ्या सोयीने) चालवलेल्या टास्कबरोबर ती नष्ट होते. या दोन सोयी वेगळ्या आहेत, आणि एकीचा अनुभव दुसरीवर लादणे चूक आहे.

हा फरक मी स्वतः ठेच लागून शिकलो. रावेर-सावदा पट्ट्यातील केळीच्या व्यवहारासाठी आम्ही काट्याच्या पावत्यांचे एक अ‍ॅप्लिकेशन चालवतो. ट्रक भरला, वजन झाले, की काट्यावरचा माणूस मोबाइलने पावतीचा फोटो काढून चढवतो आणि व्यापारी तो आपल्या कार्यालयात बसून पाहतो. सुरुवातीला आम्ही फोटो कंटेनरच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवत होतो. एकच टास्क होता तोवर सगळे सुरळीत चालले. हंगामात भार वाढला म्हणून दुसरा टास्क सुरू केला, आणि त्याच संध्याकाळी सावद्याहून फोन आला, की पावती एकदा दिसते आणि पान पुन्हा उघडले की दिसत नाही. फोटो पहिल्या टास्कवर चढला होता. विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर एक विनंती पहिल्याकडे आणि एक दुसऱ्याकडे पाठवत होता. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती चढवली तेव्हा दोन्ही टास्क बदलले आणि आदल्या दिवसाचे सर्व फोटो गेले. व्यापाऱ्यांकडच्या कागदी पावत्या मागवून आम्हाला नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. ईएफएस जोडल्यावर ही अडचण पूर्ण मिटली.

जोडताना दोन ठिकाणी अडखळायला होते, तेही सांगतो. ईएफएस एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वापरण्याच्या पद्धतीच्या ४.१ या आवृत्तीवर चालते, त्यामुळे टास्क आणि फोल्डर यांच्यामध्ये सिक्युरिटी ग्रुपने (नेटवर्कच्या परवानग्यांच्या यादीने) २०४९ क्रमांकाचे पोर्ट उघडलेले असावे लागते आणि टास्क ज्या झोनमध्ये चालतो तिथे माउंट टार्गेट, म्हणजे फाइल सिस्टमला जोडले जाण्याचे ठिकाण, असावे लागते. नाही तर टास्क सुरूच होत नाही. दुसरे म्हणजे नव्या फाइल सिस्टमचे मूळ फोल्डर रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीचे असते. आमचे अ‍ॅप्लिकेशन १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याने चालत असल्यामुळे फोल्डर दिसत होते, पण लिहिताना परवानगी नाकारली जात होती. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट: त्यात वापरकर्त्याचा क्रमांक आणि उपफोल्डर ठरवून दिले, की कंटेनर तेवढ्याच जागेत, त्याच मालकीने लिहितो. या पायरीवर हताश होऊन अनेक जण ‘हे चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात, असे मी पाहिले आहे.

दोन कंटेनरांमुळे फाइल बिघडतात, हा दुसरा मुद्दा. अनेकांनी एकाच वेळी वापरावे यासाठीच ही फाइल सिस्टम बनलेली आहे, आणि फाइलला कुलूप लावण्याची सोय एनएफएसच्या याच आवृत्तीत अंगभूत आहे. मात्र ते कुलूप सल्ल्यासारखे असते. प्रोग्रामने ते विचारले तरच ते पाळले जाते. शिवाय एका टास्कने लिहिलेले दुसऱ्याला नक्की दिसण्याची हमी पहिल्याने फाइल बंद केल्यानंतर आणि दुसऱ्याने ती त्यानंतर उघडल्यावर मिळते. म्हणून आम्ही फोटो आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितो, फाइल बंद करतो आणि मग त्याच फोल्डरमध्ये तिचे नाव बदलतो. अर्धवट पावती कोणालाही दिसत नाही. टास्क थांबवताना फारगेट आधी सूचना देते आणि मुळात ३० सेकंद थांबते, ही मुदत १२० सेकंदांपर्यंत वाढवता येते. तेवढ्यात लिहिणे पुरे झाले नाही, तर मागे फक्त तात्पुरत्या नावाची फाइल उरते आणि ती नंतर साफ करता येते.

येथे संदेशातील एक गोष्ट मी मान्य करतो. डेटाबेसच्या फाइल अशा सामायिक फोल्डरवर ठेवून दोन कंटेनरांना देऊ नयेत. एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसचे कर्तेच नेटवर्क फाइल सिस्टमबाबत सावध करतात, आणि त्याची वॉल ही (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवण्याची) पद्धत तर नेटवर्क फाइल सिस्टमवर चालतच नाही. डेटाबेस डेटाबेसच्या सेवेत असावा.

वेगाचा मुद्दा सर्वांत अधिक गैरसमजाचा आहे. फाइल उघडण्या-मिटवण्यासाठी नेटवर्कवरून फेरी मारावी लागते, त्यामुळे हजारो बारीक फाइल वाचणारे काम तेथे खरोखरच रेंगाळते. कोणी नोडची मॉड्यूल्स किंवा पीएचपीची लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) सामायिक फोल्डरवर ठेवली असेल, तर त्याची तक्रार रास्त आहे. पण त्या गोष्टींची जागा कंटेनरच्या इमेजमध्ये, म्हणजे ज्यापासून कंटेनर सुरू होतो त्या तयार साच्यात, आहे. एखाद्या महाविद्यालयाला मूडल ही ऑनलाइन शिक्षणाची प्रणाली चालवायची असेल, तर विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या फाइलींचे डेटा फोल्डर सामायिक ठेवावे आणि स्थानिक कॅशेचे फोल्डर टास्कच्या तात्पुरत्या डिस्कवर वळवावे. मूडलमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग दिलेली आहे.

मंदपणाचे दुसरे कारण ईएफएसचा वेग ठरवणाऱ्या बर्स्टिंग या पद्धतीत दडलेले असते. तिच्यात मिळणारा कायमचा वेग साठ्याच्या प्रमाणात असतो, दर जीबीमागे सेकंदाला सुमारे ५० केबी. म्हणजे १०० जीबी साठ्याला सेकंदाला ५ एमबीच्या आसपास. सुरुवातीला शिलकीतले क्रेडिट असल्यामुळे सगळे वेगवान वाटते, आणि ते संपले की एखाद्या दुपारी अचानक सगळे मंदावते. छोटा साठा आणि मोठी वर्दळ असलेल्या आपल्याकडच्या कामांना ही पद्धत नेमकी गैरसोयीची आहे. २०२२ च्या अखेरीस इलॅस्टिक पद्धत आली. तिच्यात जेवढे वाचन-लेखन तेवढे पैसे पडतात आणि वेग साठ्यावर अवलंबून राहत नाही. आम्ही ती निवडली.

खर्चाबद्दल थोडक्यात. भार दिवसरात्र एकसारखा असेल तर मशीन स्वस्त पडू शकते, हे मला मान्य आहे. केळीचा व्यवहार तसा नाही. आमच्याकडे गर्दीच्या तासांत चार टास्क असतात आणि पहाटे एक. फारगेटचे पैसे टास्क जेवढे सेकंद चालतो तेवढेच पडतात. ईएफएसमधील जागा मात्र एसथ्री या अ‍ॅमेझॉनच्या दुसऱ्या साठवणूक-सेवेपेक्षा महाग आहे, म्हणून नव्याने लिहायचे अ‍ॅप्लिकेशन असेल तर जुने फोटो थेट एसथ्रीत ठेवणे योग्य. सामायिक फोल्डर हवे ते फाइलचा मार्गच मागणाऱ्या, बदलता न येणाऱ्या जुन्या प्रोग्रामांसाठी. आणि त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा, कारण एका टास्कने चुकून पुसलेली फाइल सर्व टास्कांसाठी त्याच क्षणी पुसली जाते.