नेत्याला आजार कोणता, हे मी सांगणार नाही

राजकारणामागच्या मानसशास्त्रावर लिहायला लागल्यापासून इनबॉक्समध्ये एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, त्या अमुक नेत्याला नक्की कोणता आजार आहे, एकदा लिहाच." नेता बदलतो, पक्ष बदलतो, मागणी तीच. मी हे लिहिणार नाही.

१९६४ साली अमेरिकेत हा उद्योग होऊन गेलाय. बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. एका मासिकाने मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस या पदासाठी मानसिकदृष्ट्या लायक आहे का? १,१८९ डॉक्टरांनी न तपासताच "नाही" कळवलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, ज्याला तपासलं नाही त्याचं जाहीर निदान करायचं नाही. मला हा नियम मनापासून पटतो.

शिवाय नेत्याला वेडा ठरवलं की त्याच्यामागे जाणारे आपण सगळे अलगद सुटतो. मला लिहायचंय ते आपल्याबद्दल.

हा विषय मला परळच्या मेडिकल कॉलेजात सापडला नाही, बार्शी तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू शेतात सापडला. आमच्या आणि चुलत्यांच्या रानामधला बांध कुणी कोरला यावरून मी शाळेत असताना लागलेलं भांडण मी एमबीबीएस झालो तरी मिटलं नव्हतं. जमीन किती? दोन काकऱ्या. सरकारी मोजणी आणली, खुणा रोवल्या, त्या रात्रीत उपटल्या गेल्या. तारखेच्या दिवशी अण्णा आणि चुलते एकाच एसटीने तालुक्याला जायचे, एक पुढच्या सीटवर, एक अगदी मागे. वकिलांना गेलेल्या पैशात आमची विहीर दोन परस खोल झाली असती. अण्णांना हे कळत नव्हतं असं नाही, ज्वारीच्या पोत्यापोत्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असायचा. पण आपलं गेलं तरी चालेल, भावकीची सरशी होता कामा नये!

पुढे हेन्री ताजफेल हा सामाजिक मानसशास्त्रज्ञ वाचला तेव्हा मी पानावरच थांबलो. हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू माणूस. युद्धकैदी म्हणून वाचला, घरचे बहुतेक सगळे नाझींनी मारले. १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने १४-१५ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. कुणाला कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली, एवढ्याच कारणावर गट पडल्याचं मुलांना सांगितलं. मग त्यांना दुसऱ्यांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. तरी आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा समोरच्या गटाहून जास्त मिळावं, याकडे त्यांचा कल दिसला. त्यासाठी आपल्याच गटाचे पैसे कमी झाले तरी! ना जात, ना धर्म, ना बांध. निवडणुकीत स्वतःच्या तोट्याला मत देणाऱ्यांना जे सरसकट मूर्ख म्हणतात, त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

भांडुपच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक काका आले. शुगर भलतीच वाढलेली, गोळ्या बंद.

"का सोडल्या काका?"

"आमच्या ग्रुपवर आलं होतं, किडनी जाते म्हणून."

ग्रुप वॉर्डातल्या कार्यकर्त्यांचा. मी रिपोर्ट दाखवला, समजावलं, काका नुसती मान हलवत राहिले. मग म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये घरात रेशन याच पोरांनी आणून टाकलं, डॉक्टर. तेव्हा दुसरं कोण आलं होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हिशेब चुकीचाही नव्हता. अडीनडीला धावून आलेल्या माणसाचं ऐकायचं, यात वेडेपणा कसला? मी त्या पोरांपैकी एकालाच बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर सगळं सांगितलं. त्याने ग्रुपवर स्वतः टाकलं, काकांच्या गोळ्या सुरू झाल्या.

सध्या मी भांडुप-मुलुंडच्या अशा कार्यकर्त्यांना भेटतोय. लोक त्यांच्याकडे कशासाठी येतात, त्यांना स्वतःला पक्षात काय मिळतं, हे विचारतोय. कोणत्याही पक्षाचे असाल आणि बोलायची तयारी असेल तर कळवा. रविवारी दवाखाना बंद असतो, निवांत बोलू. नाव कुठेही छापणार नाही.